वस्तऱ्याला त्याचं वजन असतं

[दृश्य: खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा, त्यावर वरखाली जाणारा वस्तरा]

हा आवाज आधी ऐकून घ्या. पट्ट्याचं एक टोक गजाला, दुसरं अण्णांच्या डाव्या हातात ताणलेलं, आणि वस्तरा चाललाय पाठ पुढं करून, धार मागं. टोकाला पोचला की पाठीवरच कूस बदलतो, धार चामड्यावर उभी राहतच नाही. मी पहिल्या दिवशी बरोबर उलटं केलेलं. पट्ट्याच्या खालच्या बाजूला तो तिरपा काप दिसतोय ना, तो माझा.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात एसटी स्टँडसमोर त्यांचं दाढी-कटिंगचं दुकान. सोमवारी दुकान बंद, म्हणून सगळं शूटिंग सोमवारचं, त्यामुळे खुर्ची रिकामी दिसेल, गिऱ्हाईक कुठंच नाही, तेवढं चालवून घ्या. मी पुण्यात नोकरीला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरी अडकलो तेव्हा माळ्यावर आजोबांची धोकटी सापडली. सापडली म्हणजे मला सापडली, अण्णांना ती कुठंय ते कायमच माहीत होतं.

[दृश्य: धोकटीतलं सामान एकेक करून सतरंजीवर]

कातर. चिमटा. नराणी, नखं काढायची. पितळेची वाटी. तळहाताएवढा आरसा, पारा उडालेला. तेलकट फडक्यात गुंडाळलेला दगड. आणि हा वस्तरा, दांडीजवळ बारीक अक्षरं आहेत, झूम करून दाखवतो, सोलिंगेन. जर्मनीतलं गाव, सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी जगात नावाजलेलं. तिथला वस्तरा आमच्या आजोबांच्या हातात कसा आला ते कुणालाच सांगता येत नाही. आजोबा बलुतेदार. पारावर बसून अख्ख्या गावाची दाढी करायचे आणि सुगीला धान्य मिळायचं. किती मिळायचं यावर घरात अजून भांडण होतं, ते सोडा.

आता दगड बघा. हा शॉट मी मुद्दाम लांब ठेवलाय, कारण लोकांना वाटतं धार लावणं म्हणजे नुसतं घासणं. वस्तऱ्याची पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली. कोन किती ठेवायचा हा प्रश्नच नाही, पात्याची रुंदी आणि पाठीची जाडी मिळून तो कोन वस्तऱ्यातच बसवलेला आहे, आपण फक्त मधे लुडबुड करायची नाही. मी करत होतो. जोर लावत होतो. अण्णा मागून, “आरं दाबू नगंस, त्याला त्याचं वजन हाय.” हे वाक्य सहा सोमवार ऐकलं. सातव्या सोमवारी अण्णांनी डोक्यातला एक केस उपटून धारेवर धरला, तो तुटून खाली पडला आणि ते काही न बोलता चहा प्यायला गेले. तो केस कॅमेऱ्यात आलेला नाही, आधीच सांगतो, पांढरा केस, मागं पांढरी भिंत.

[दृश्य: फुगा, त्यावर साबणाचा फेस]

गालाआधी सराव फुग्यावर. फुगे नऊ फुटले. दहाव्याला जमलं. वस्तऱ्याची पाठ गालापासून किती उचलायची, तर पाठीच्याच जाडीएवढी, फार तर दुप्पट, साधारण 30 अंश. जास्त उचलली की कापतं, कमी उचलली की केस ओढले जातात. मोकळ्या हातानं कातडी ताणायची. आणि आडवा सरकवायचा नाही, कधीच नाही, धारेच्या रेषेत सुरीसारखा सरकला की संपलं. गालावर आधी नुसती बोटं फिरवायची, केस कुठल्या बाजूला झुकलेत ते कळतं. माझ्या गळ्यावर डावीकडं भोवरा आहे हे मला बत्तीस वर्षं माहीत नव्हतं, इतकी वर्षं मशीन फिरवत होतो. आधी सुलटा हात, केसांच्या दिशेनं, मग केसांना आडवा, आणि उलटा हात, केसांच्या विरुद्ध, तो अण्णांनी मला पहिले तीन महिने मारूच दिला नाही.

अजून एक. वस्तरा हातातून सुटला तर झेलायला जायचं नाही. पाय मागं घ्यायचा आणि पडू द्यायचा. माझा पडला, मोरीत, आणि धारेला तांदळाच्या कणीएवढा टवका गेला. तो काढायला अण्णांचे दोन सोमवार गेले. बोलले काहीच नाहीत, ते जास्त लागलं.

[दृश्य: दुकानाच्या भिंतीवर संत सेना महाराजांचा फोटो, खाली फळीवर मिटलेला वस्तरा]

या मिटलेल्या वस्तऱ्यावर जरा थांबूया. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी मंडळी जमली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं ठरवलं. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी. ज्यांना गाव उंबऱ्याबाहेर बसवून काम करून घ्यायचं त्यांनी वस्तरा मिटवून खाली ठेवला आणि सांगितलं, हे काम नाही करायचं. शाळेच्या पुस्तकात मला हे कधी भेटलं नाही. ‘न्हावी’ हा शब्द शिवीसारखा वापरलेला मात्र शाळेत रोज भेटला.

मग वस्तरा गेला कुठं? 1904 साली किंग जिलेट यांना अमेरिकेत पेटंट मिळालं, फेकून द्यायच्या पात्याचं. तेच ब्लेड पुढं आपल्याकडं अर्धं मोडून उस्तऱ्यात, म्हणजे ब्लेड बदलता येणाऱ्या दांडीत, बसवायला लागले, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं. एचआयव्ही, कावीळ ब, रक्तातून पसरणारे आजार, त्यामुळे ते बरोबरच झालं, अण्णाही दुकानात तेच वापरतात. आजोबांचा वस्तरा फक्त घरच्यांसाठी.

[दृश्य: अंगण, सकाळ, अण्णा पाटावर, निवेदक समोर उकिडवा]

हा शेवटचा सोमवार. गरम पाण्याचं फडकं, मग साबण, ब्रश गोल गोल, केस मऊ होईपर्यंत घाई नाही. पहिल्यांदाच मी त्यांची दाढी करतोय. इथं मी काही बोलणार नाही.

[निवेदन नाही. फक्त वस्तऱ्याचा आवाज, मागं कोंबड्या]

तुरटी फिरवली. रक्त नाही आलं, हनुवटीखाली एक ठिपका सोडला तर. वस्तरा पुसायचा, कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवायचं, नाहीतर उद्या गंजलेला दिसेल, हे पोलाद तसलंच आहे. अण्णांनी बोटं उलटी करून जबड्यावरून फिरवली, कानाखाली थांबले.

“हितं ऱ्हायलंय.”

आणि माझ्या हातातनं वस्तरा घेऊन, आरशात न बघता, स्वतःच काढलं.