देवबाग: दोन पाण्यांमधली पट्टी आणि तिच्यावरची माणसे

देवबागची लोकसंख्या किती, असे कोणी विचारले तर आधी उलट विचारावे लागते की कोणत्या महिन्यातली? फेब्रुवारीतली, गणपतीतली की मे महिन्यातली? मालवण तालुक्यातल्या या गावाचे तिन्ही आकडे वेगळे आहेत. त्यातला एकच सरकारी कागदावर चढतो, आणि गावच्या विहिरींना सोसावा लागतो तो दुसराच. म्हणून आज जमीन आणि माणसे हे दोन्ही विषय मी एकत्रच घेणार आहे.

आधी जमीन. सह्याद्रीतून उतरलेली कर्ली नदी कुडाळ तालुक्यातून पश्चिमेला येते. तारकर्लीजवळ समुद्र हाकेच्या अंतरावर असतो, तरी ती सरळ त्याला मिळत नाही, कारण मध्ये वाळूची लांबट पट्टी आडवी आलेली आहे. नदी त्या पट्टीच्या मागून दक्षिणेला वळते, किनाऱ्याला समांतर वाहते आणि पट्टी जिथे संपते तिथे समुद्रात शिरते. त्या जागेला सगळे संगम म्हणतात. पलीकडे भोगवे, म्हणजे वेंगुर्ले तालुका. अलीकडचे टोक म्हणजे देवबाग. पट्टीची रुंदी बहुतेक ठिकाणी अर्ध्या किलोमीटरहून कमी आहे, काही ठिकाणी तर त्याहून बरीच कमी.

कोकणातल्या बहुतेक किनारी गावांना समुद्राकडून आत जाताना चढत्या पायऱ्या मिळतात: पुळण, माडबागा, वस्ती, भाताची सखल जमीन आणि वर जांभ्याचा सडा, म्हणजे उंचावरचे कातळी पठार. देवबागला सडा नाही, डोंगर नाही. पुळण, माड, घरे, रस्ता, पुन्हा घरे, पुन्हा माड आणि खाडी (पट्टीमागून वाहणारी तीच नदी), एवढ्यात गाव संपते. उधाणाचे पाणी आत आले तर मागे सरकायला जागा नाही, कारण मागेही पाणीच आहे.

ही वाळू एका जागी बसून राहत नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून समोरच्या पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर नेऊन टाकतात. ऑक्टोबरनंतर समुद्र निवळला की तीच वाळू थोडी थोडी करून परत येते. नदीही वरून वाळू आणते. हा जमाखर्च जुळला तर किनारा जागेवर राहतो. खाडीतून वाळूचा उपसा वाढला की जमा कमी होते. दगडी बंधारा घातला की मागचे घर वाचते, पण बंधाऱ्यावर आपटून परत फिरणारी लाट समोरची पुळण खरवडते आणि बंधारा जिथे संपतो तिथल्या घराला दुप्पट मार बसतो. बंधारा बांधू नका असे माझे म्हणणे नाही. माणसे राहतात तिथे तो लागणारच. पण त्याची दोन्ही टोके कुठे संपतात हे नकाशावर न पाहता मंजुरी मागणे म्हणजे धूप पुढच्या वाडीकडे ढकलणे.

धूप होते ती मुख्यतः काही ठरावीक दिवसांत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती आणि पावसाळी लाटा एकाच वेळी आल्या की पाणी माडांच्या मुळांपर्यंत पोचते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, असतो, तेव्हा तेवढ्याच लाटांनी तेवढे नुकसान होत नाही. पूर्ण भरतीची वेळ काढायची जुनी रीत अजून उपयोगी पडते: तिथीला तीनने गुणून चारने भागायचे. अष्टमीला पूर्ण भरती सहाच्या सुमाराला, पंधराव्या तिथीला सव्वाअकराच्या सुमाराला. थोडे मागेपुढे होते, पण होडी कधी वर ओढायची ते ठरवायला पुरते. ऐन उन्हाळ्यात वादळ आले तर मात्र पावसाळ्याची तयारी झालेली नसते. तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ मध्ये सिंधुदुर्गासमोरून उत्तरेला सरकले, तेव्हा होड्या अजून किनाऱ्यालगतच होत्या.

आता विहिरींकडे वळू, कारण गावाचे खरे बंधन तिथे आहे. देवबागच्या दोन्ही बाजूंना खारे पाणी आहे. खाडी पावसाळ्यात गोडी होते, उन्हाळ्यात पुन्हा खारी. तरी चिऱ्याने बांधलेल्या उथळ विहिरीत गोडे पाणी असते. ते येते फक्त पावसातून. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला काही भाग वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडे पाणी हलके असते. हलके म्हणजे किती? समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याच्या सुमारे १.०२५ पट. या एवढ्याशा फरकातून एक साधे गणित निघते: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी, त्याच्या सुमारे चाळीस पट जाडीचा थर खाली. पातळी ३० सेंटिमीटर वर असेल तर खाली अंदाजे १२ मीटर. ती दहा सेंटिमीटरने खाली आणली तर थर चार मीटरने पातळ होतो. प्रत्यक्षात सीमा अशी सुरीने कापल्यासारखी नसते, मध्ये मचूळ पट्टा असतो, पण दिशा हीच.

म्हणूनच इथली सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पाणी कमी झाले म्हणून विहीर खोल करणे. सड्यावरच्या गावात ते योग्य असेल. वाळूच्या पट्टीवर खोल जाणे म्हणजे खाऱ्या पाण्याकडे जाणे. दुसरी चूक मोठ्या पंपाची. तीन अश्वशक्तीचा पंप अर्ध्या तासात टाकी भरतो खरा, पण तेवढ्यात विहिरीखालचे खारे पाणी शंकूसारखे वर खेचले जाते. तेवढेच पाणी लहान पंपाने, दिवसात चार-पाच वेळा थांबून थांबून काढले तर विहीर टिकते. चव ही उशिरा मिळणारी खूण आहे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचे छोटे यंत्र प्रत्येक वाडीत एक असले पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,०००. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५,००० असतात, म्हणजे शंभरात दोन भाग समुद्र मिसळला तरी ७०० ची भर पडली. एकदा खारावलेली विहीर एका पावसात सुधारेलच असे नाही.

हा गोड्या पाण्याचा थर सप्टेंबरमध्ये सर्वांत जाड असतो आणि मेअखेर सर्वांत पातळ. आता माणसे या दिवसदर्शिकेवर ठेवून पाहा.

२०११ च्या जनगणनेत माणसे मोजली गेली ९ ते २८ फेब्रुवारीत, संदर्भ क्षण १ मार्चची मध्यरात्र. नियम असा की नेहमीच्या घरी या काळात कधीही हजर असलेला माणूस तिथे मोजायचा, आणि पूर्ण काळ बाहेर असलेला जिथे सापडेल तिथे. फेब्रुवारीत चाकरमानी मुंबईत असतो, त्यामुळे तो मुंबईत मोजला जातो. त्याचे देवबागातले घर बंद घर म्हणून नोंदले जाते. उलट, नौकेवरचा परगावचा खलाशी किंवा हॉटेलातला कामगार त्या काळात गावातच राहत असेल तर तो गावात मोजला जातो. नियमात चूक काही नाही, पण गावाचे रेशनकार्ड, मतदारयादी आणि जनगणना यांचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत ते यातून कळते.

जिल्ह्याचे आकडे हेच मोठ्या प्रमाणावर दाखवतात. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. याच दशकात महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०७९ वरून १,०३६ वर आल्या, तर राज्यात हे प्रमाण ९२९ होते. स्त्रियांचे जास्त प्रमाण म्हणजे पुरुष बाहेरगावी, हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. ते प्रमाण उतरले म्हणजे पुरुष परतले, असा अर्थ काढायची घाई मात्र करू नये. एकूण माणसे घटली असताना प्रमाण उतरले आहे. माझ्या मते पूर्वी एकटा पुरुष मुंबईला जाई, आता बायकामुलांसह बिऱ्हाड जाते, हे यामागचे मोठे कारण आहे.

वर्षाचा क्रम असा लागतो. जून-जुलैत मासेमारी बंद. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, त्यामुळे बाहेरचे खलाशी निघून जातात आणि गाव सर्वांत रिकामे होते. गणपतीत बंद घरांची कुलपे निघतात, पण तेव्हा विहिरी काठोकाठ असतात, कोणाला जाणवतही नाही. शिमग्याला पुन्हा काही घरे उघडतात. डिसेंबरात पर्यटक येतात. आणि मे महिन्यात चाकरमानी, त्यांची मुले, पर्यटक आणि पर्यटकांसाठी आलेले कामगार, सगळे एकदम. ज्या महिन्यात गोड्या पाण्याचा थर सर्वांत पातळ, त्याच महिन्यात माणसे सर्वांत जास्त.

किती जास्त, ते एका घरापुरते मोजू. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटर. चार माणसांचे घर २२० लिटर वापरते. शेजारी चार खोल्यांची न्याहारी-निवास व्यवस्था आहे, दहा पाहुणे आहेत असे धरा. समुद्रात डुंबून आलेला माणूस गोड्या पाण्याने अंघोळ करणारच. चादरी-टॉवेल धरून माणशी दीडशे लिटर लावले तर दीड हजार लिटर झाले, म्हणजे सात घरांचे पाणी एका विहिरीतून. मैलापाणीही तेवढेच, आणि तेही त्याच वाळूत मुरते. शोषखड्डा आणि विहीर यांत निदान १५ मीटर अंतर हवे, शेजाऱ्याची विहीरही धरून. पाच गुंठ्यांचा तुकडा साधारण वीस मीटर बाय पंचवीस मीटर. त्यात घर, खोल्या, विहीर, खड्डा बसवताना हे अंतर कागदावर राहते, जमिनीवर हरवते. शिवाय पावसाळ्यात भूजल इतके वर येते की खोल खड्ड्याचा तळच पाण्यात बुडतो. खड्डा उथळ ठेवून बाजूने भर घालणे हाच इथला मार्ग. अंगणात फरशी-सिमेंट घालणे टाळावे. शंभर चौरस मीटर छपरावरून गळती वजा जाता दीड लाख लिटरच्या वर पाणी पावसाळ्यात उतरते. ते गटाराने खाडीत न सोडता गाळून वाळूत सोडले तर मे महिन्यात आपल्याच विहिरीला मिळते.

शेवटी किनारा नियमनाचा मुद्दा, कारण तिथे लोकसंख्येचा आकडा थेट जमिनीवर उतरतो. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पाडले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, आणि तेही रीतसर आराखडा मंजूर झाल्यावर. घनता कमी असेल तर २०० मीटर. २,१६१ म्हणजे हेक्टरला बावीसएक माणसे. घरात चार माणसे धरली तर दर अठरा गुंठ्यांना एक घर. माडबागेतल्या वाडीतून चालताना ही घनता डोळ्यांना सहज दिसेलही, पण हिशेब होतो पूर्ण महसुली गावाच्या क्षेत्रावर, आणि बंद घरातली माणसे त्यात शून्य असतात. समजा एका जागी पट्टी ४०० मीटर रुंद आहे. समुद्राकडून २०० मीटर गेले, खाडीकडून ५० मीटर गेले, उरले दीडशे, आणि त्यातून रस्ता जातो. धुपीने भरतीरेषा आत सरकली तर तेही कमी. ना-विकास क्षेत्रातल्या जुन्या घरात स्थानिकांना जोते न वाढवता आणि घराचे दर्शनी रूप न बदलता पाहुणे ठेवता येतात, ही त्याच अधिसूचनेतली सवलत पुष्कळांना माहीत नसते.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ ठरला आहे, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. ग्रामपंचायतीने त्याच्या जोडीला वाडीवार स्वतःची वही ठेवावी, कारण जनगणनेत वाडीचा आकडा वेगळा मिळत नाही. घरागणिक चार रकाने पुरेत: फेब्रुवारी, जुलै, गणपती, मे. प्रत्येकात कायमचे, चाकरमानी, कामगार, पाहुणे असे चार आकडे. शेजारी त्याच आठवड्यातला विहिरीचा टीडीएस आणि पाण्याची पातळी, मापाची दोरी एकाच खुणेवरून सोडून घेतलेली. पातळी भरतीला आणि ओहोटीला वेगळी येते, म्हणून वेळही लिहायची. खोल्या वाढवायला परवानगी द्यायची की नाही, नळयोजना किती माणसांसाठी मागायची, हे मे महिन्याच्या रकान्यावरून ठरवावे.