पाण्यावर न बसणारा समुद्रपक्षी

मंडळी, पावसाळा सुरू झाला की कोकणातून माझ्या मोबाइलवर फोटो येऊ लागतात. वाळूवर पंख पसरून पडलेला मोठा काळा पक्षी, आणि खाली प्रश्न: ही कुठली घार? ती घार नव्हे, फ्रिगेट. उष्ण कटिबंधातल्या खोल समुद्रावर राहणारा हा पक्षी पावसाळी वाऱ्यांत भरकटून आपल्या किनाऱ्याला लागतो.

उडताना ओळखायला तो अवघड नाही. घारीचे पंख रुंद, टोकाला बोटं फाकल्यासारखी पिसं, शेपटीला उथळ खाच. फ्रिगेटचे पंख लांब, अरुंद आणि कोयत्यासारखे वाकलेले. शेपटी खोल दुभंगलेली, पण बहुतेक वेळा मिटलेली, म्हणून एकच लांब सुळका दिसतो. चोच लांब, टोकाला आकडा. आपल्याकडे जास्त करून दिसतो तो छोटा फ्रिगेट. छोटा म्हणायचं ते नावापुरतंच, कारण पंख पसरले की पावणेदोन मीटरच्या पुढे भरतात. नर काळा, पण काखेत पांढरा पट्टा असतो. मोठा फ्रिगेट ही दुसरी जात, तिच्या नराला तो नसतो. मादीची छाती पांढरी. छोटीचा गळा काळा, मोठीचा करडा-पांढरा. पिल्लांचं डोकं तांबूस किंवा फिकट असतं आणि पूर्ण रंग यायला वर्षं जातात. म्हणून फोटो पाठवताना पाठीचा नको, पोटाकडून काढा. काख दिसली पाहिजे.

एका पावसाळ्यात निरोप आला म्हणून मी किनाऱ्यावर पोचलो, तर गावातली पोरं असाच एक पक्षी लाटेत सोडत होती. समुद्राचा पक्षी, त्याला समुद्रात पोचवावं, ही त्यांची माया. दोनदा सोडला, दोनदा लाटेनं परत आणून टाकला. मी हातात घेतला तेव्हा पिसं चिंब होऊन अंगाला चिकटली होती. पोरांना मी त्याचा पाय दाखवला. इवलासा, पिसांत लपलेला, आणि बोटांमधला पडदा फक्त मुळाशी. बदकाचा पाय सगळ्यांनी पाहिलेला. पोरं गप्प झाली. संध्याकाळी तो पक्षी दगावला.

या पक्ष्याची पिसांना तेल पुरवणारी ग्रंथी फार लहान असते, त्यामुळे पिसं पाणी शोषतात. पाण्यात पडला की ओले, लांबलचक पंख उचलून पुन्हा उडणं त्याला जवळपास अशक्य. मग समुद्रावर जगतो कसा? हवेतच राहून. त्याच्या सांगाड्याचं वजन पिसांपेक्षाही कमी असतं. आफ्रिकेजवळच्या मोझांबिक सामुद्रधुनीतल्या युरोपा बेटावरच्या मोठ्या फ्रिगेटना शास्त्रज्ञांनी यंत्रं बसवली. २०१६ साली निष्कर्ष आले: काही पक्षी दोन-दोन महिने जमिनीवर उतरलेच नव्हते. ढगांखालच्या वर चढणाऱ्या हवेवर स्वार होऊन ते काही वेळा ४,००० मीटरपर्यंत गेले होते. त्याच वर्षी पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरच्या फ्रिगेटच्या मेंदूची नोंद प्रसिद्ध झाली. उडताना ते दिवसाला सरासरी ४२ मिनिटं झोपतात, तीही डुलक्या-डुलक्यांनी, आणि बरेचदा मेंदूचा एकच अर्धा भाग झोपलेला असतो. घरट्याकडे परतल्यावर मात्र बारा तासांच्या वर झोप!

बूबीसारख्या दुसऱ्या समुद्रपक्ष्यांची शेपटी धरून त्यांना गिळलेला मासा ओकायला लावणारा म्हणून तो बदनाम आहे. ते खरं आहे, पण पोट मुख्यतः स्वतःच्या शिकारीवर भरतं. खालून ट्यूना मासे रेटतात, उडणारे मासे पाण्याबाहेर झेपावतात आणि हा त्यांना वरच्या वर चोचीनं टिपतो. पीस भिजत नाही. मादी एकच अंडं घालते, आणि पिल्लू उडायला लागल्यावरही कित्येक महिने त्याला भरवत राहते. एक पिल्लू वाढवायला वर्षाहून जास्त काळ जातो, म्हणून वाळूवर पडलेल्या एकेका पक्ष्याचं मला इतकं वाटतं.

तेव्हा असा पक्षी सापडला तर पाण्यात सोडू नका. अंगावर टॉवेल टाका, चोचीपासून डोळे जपा, भोकं पाडलेल्या मोठ्या खोक्यात कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, मासा कोंबू नका. वनविभागाला लगेच कळवा. सावरला, पिसं सुकली आणि पाऊस उघडला की त्याला उंच, मोकळ्या कड्यावर, वाऱ्याकडे तोंड करून सोडतात.