प्राण्यांसाठी काम करायचंय? आधी तासभर नुसतं बघायला शिका

[कॅमेऱ्याकडे बघत]

नमस्कार मंडळी!

१९६५ साली ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीनं एक अहवाल दिला. शेतीसाठी पाळलेल्या प्राण्यांचे हाल कसे थांबवायचे, हा विषय. समितीतली माणसं जाणकार होती, मनापासून काम करत होती. त्यांनी सांगितलं की पिंजऱ्यात कोंबड्यांच्या पायांखाली बारीक तारेची षटकोनी जाळी वापरू नका. पुढे १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी वेगवेगळ्या जाळ्या थेट कोंबड्यांपुढेच ठेवल्या आणि निवड त्यांच्यावर सोडली. कोंबड्यांनी पसंत केली ती नेमकी हीच बारीक जाळी!

बरेच जण मला विचारतात, "प्राणी खूप आवडतात, या क्षेत्रात यायचंय, काय करू?" आवडतात हे उत्तमच. पण आवड आहे म्हणून प्राण्याला काय हवंय ते आपल्याला आपोआप कळत नाही. ते त्यालाच विचारावं लागतं, आणि विचारायचं कसं हे शिकता येतं. आजचा व्हिडिओ त्याबद्दल आहे.

विचारणं किती नेमकं असू शकतं ते बघा. मिंक हा पाण्याच्या काठी राहणारा, पोहून शिकार करणारा छोटा मांसाहारी प्राणी. फरसाठी त्याला पिंजऱ्यात पाळतात. जॉर्जिया मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिंकना बऱ्याच गोष्टी देऊ केल्या. खेळणी, उंचावरची जागा, जादा घरटं आणि पोहायला पाणी. प्रत्येक गोष्ट एका दारामागे, आणि दारावरचं वजन वाढवत न्यायचं. पाण्यासाठी मिंकनी सगळ्यात जास्त जोर लावला. मग एक दिवस पाण्याचं दार बंद ठेवलं. लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, अन्न बंद केल्यावर वाढतं साधारण तितकंच वाढलं. पिंजऱ्यात जन्मलेल्या, नदी कधीही न पाहिलेल्या प्राण्यांची ही गोष्ट आहे. २००१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. मला विचाराल तर प्राणिकल्याण म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट क्वचितच कोणी दाखवलं असेल.

आता तुमच्या कामाकडे येऊ.

[पडद्यावर: कोरी वही]

वर्तनाच्या अभ्यासात नव्या माणसाच्या हाती पहिल्यांदा येते ती नोंदवही. त्याआधी इथोग्राम बनवायचा, म्हणजे त्या प्राण्याच्या वर्तनांची यादी, प्रत्येकाच्या व्याख्येसकट. इथंच बहुतेकांची गाडी अडते. "कुत्रा रागावला" असं लिहिलं की काम बिघडलं, कारण राग तुम्ही ठरवलात. दिसलं काय? कान मागे गेले, ओठ वर उचलला, दात दिसले, शरीर ताठ झालं. हे लिहा. दुसऱ्या कुणी तोच प्रसंग पाहिला तर त्याच्याही वहीत हेच यायला हवं.

दुसरी अडचण आपल्या डोळ्यांची. आपली नजर भांडणाकडे धावते. माकडांचा कळप तासभर पाहिलात आणि मनात येईल ते टिपत गेलात, तर वही मारामाऱ्यांनी भरेल. प्रत्यक्षात त्या तासातला बराच वेळ ती खात असतील, बसली असतील, एकमेकांचे केस निवडत असतील. केनियात अंबोसेलीच्या बबून माकडांवर काम करणाऱ्या जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये एका लेखात या प्रश्नाची शिस्तशीर मांडणी केली. एकच प्राणी निवडा आणि ठरलेली वेळ फक्त त्याच्यावर नजर ठेवा, मग तो झोपला तरी चालेल. नाहीतर दर ठरावीक मिनिटांनी सगळ्या कळपावर नजर फिरवा आणि त्या क्षणी कोण काय करतंय ते टिपा. आजही शिकाऊ निरीक्षकाला हेच शिकवतात.

हे करून बघायला कुणाची परवानगी लागत नाही. खिडकीबाहेरची कबुतरं घ्या. आठ-दहा वर्तनं ठरवा, व्याख्या लिहा, तासभर दर मिनिटाला नोंद करा. जमलं तर चित्रीकरण करा आणि तुमच्याच व्याख्या देऊन मित्राला वेगळी नोंद करायला सांगा. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर व्याख्येत कुठं भोक आहे ते लगेच समजेल. व्हिडिओवरून नोंदी करायला बोरिस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, इटलीतल्या तुरिन विद्यापीठात तयार झालेलं. आकडेमोडीसाठी आर ही संगणकभाषा शिकून ठेवा, तीही फुकट आहे. झूनिव्हर्स या संकेतस्थळावर तर घरबसल्या स्वयंसेवा करता येते. तिथल्या सेरेंगेटी (टांझानियातलं राष्ट्रीय उद्यान) प्रकल्पात स्वयंचलित कॅमेऱ्यांनी काढलेल्या फोटोंत प्राणी कोणता आणि तो काय करतोय, हे सामान्य लोकांनी ओळखून दिलं आणि त्यावर खरं संशोधन झालं.

[कॅमेरा जवळ]

शेल्टर, म्हणजे बेघर प्राण्यांचा निवारा, तिथलं काम वेगळं. तिथं पिंजरे धुणं, भांडी घासणं, चादरी वाळत घालणं हेच जास्त. त्याला कमी लेखू नका. कोणी खाल्लं नाही, कोणाची विष्ठा पातळ आहे, कोण कालपासून एकाच जागी येरझाऱ्या घालतंय, हे सगळ्यात आधी साफसफाई करणाऱ्यालाच दिसतं. कोपऱ्यात दबून गप्प बसलेलं मांजर शांत असेलच असं नाही, पुष्कळदा ते घाबरलेलं असतं. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये नव्यानं आलेल्या काही मांजरांना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं लवकर सावरली. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लपायला जागा, बस्स. ती देणं कुठल्याही शेल्टरला परवडतं, म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

कुत्र्यांचंही असंच. शेल्टरमधल्या कुत्र्यांना एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी पाठवलं तर त्यांचं कॉर्टिसॉल खाली येतं, आणि परत आल्यावर पूर्वीइतकं होतं. २०१९ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात हे दिसलं. म्हणजे तुमची दोन रात्रींची जागासुद्धा त्या कुत्र्याला खरी विश्रांती देते. कायमचं दत्तक घेणं जमत नाही म्हणून मागे राहू नका.

मात्र सस्तन प्राण्यांना हात लावण्याआधी डॉक्टरांशी बोलून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. लस घेतलेली असली तरी चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा.

आणि एक कळकळीची विनंती. पैसे भरून "सिंहाच्या बछड्यांना दूध पाजा, मांडीवर घ्या" अशा जाहिराती दिसतील. तिथं जाऊ नका. बछडं काही महिन्यांत मोठं होतं, मग पुढच्या पाहुण्यांसाठी नवं बछडं लागतं. ते कुठून येतं आणि आधीचं कुठं जातं, एवढं विचारा. खरं अभयारण्य पाहुण्यांच्या हौसेसाठी पिल्लं जन्माला घालत नाही आणि वन्य प्राण्यांना कुरवाळू देत नाही. जिथं हे प्रश्न टाळले जातात, तिथून निघा.

या कामात मन थकतं, हेही आधीच माहीत असू दे. सगळे प्राणी वाचत नाहीत. काहींना वेदनेतून सोडवण्यासाठी शांत मरण द्यावं लागतं आणि तेव्हा त्यांना धरून बसणारं माणूस तुम्ही असू शकता. ठरलेले दिवसच जा, सुट्टीच्या दिवशी फोन बंद ठेवा, सहकाऱ्यांशी बोला.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात. क्षेत्रसहाय्यक (संशोधकासोबत बाहेर जाऊन नोंदी करणारा मदतनीस), प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, प्राणिसंग्रहालयातला रक्षक, पशुवैद्यकाचा मदतनीस, कल्याण अधिकारी अशी अनेक दारं आहेत. काहींना प्राणिशास्त्राची किंवा पशुवैद्यकाची पदवी लागते, काहींना अनुभव पुरतो. बिनपगारी कामाची संधी आली तर राहण्या-खाण्याचं काय, विमा आहे का, काम शिकवणार कोण, हे स्पष्ट विचारा. ज्याच्या घरी आर्थिक पाठबळ आहे त्यालाच हे क्षेत्र परवडावं, हे मला मान्य नाही. म्हणून आधी पगारी जागा शोधा, विचारायला संकोचू नका.

संशोधकाला पत्र लिहाल तेव्हा "मला लहानपणापासून प्राणी आवडतात" हे वाक्य गाळा. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचा, त्यातला तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहा आणि सोबत तुमच्या कबुतरांची तासाभराची नोंद जोडा, व्याख्यांसकट.