नाहीतर देवा, मी जातो दुरून

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या जिल्ह्यात 'वारी' म्हटलं की माणसाचं तोंड आपोआप पंढरपूरकडं वळतं. म्हणूनच 'मल्हारवारी मोतियानं द्यावी भरून' हे गाणं मी कित्येक वर्षं चुकीचं ऐकत आलो. मला वाटायचं, खंडोबालाही लोक दिंडी घेऊन पायी जात असतील. मग ती वारी मोत्यांनी भरायची कशी, हे कधी मनातच आलं नाही. ठेका धरला की अर्थाची चौकशी कोण करतंय?

ही वारी म्हणजे खंडोबाच्या नावानं मागितलेली भिक्षा. वाघ्या, म्हणजे खंडोबाला वाहिलेला भक्त, दारात येतो, कोटंबा हे भिक्षेचं भांडं पुढं करतो आणि वारी मागतो. गाण्यातला भक्त तोच कोटंबा थेट देवापुढं धरून मोती मागतो. वर दम भरतो, नाहीतर देवा, मी जातो दुरून! द्यायचं तर दे, नाहीतर आम्ही लांबूनच निघालो. देवाशी असं बोलायला फार जवळचं नातं लागतं. आज या गाण्याची मी ऐकलेली रूपं तुमच्यापुढं मांडतोय, ती या एका ओळीच्या तराजूत घालून.

थोरल्या भावाच्या लग्नानंतर घरी खंडोबाचं जागरण होतं. सोलापूरजवळच्या बाळे गावाहून वाघ्या-मुरळी आले होते. पाच उसांखाली चौक भरलेला, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, आणि वाद्यं म्हणाल तर दिमडी, तुणतुणं आणि मुरळीच्या हातातला घोळ, म्हणजे घंटी. बस्स. म्हातारा वाघ्या 'जातो दुरून'पाशी आला, गायचा थांबला आणि पाठ फिरवून खरंच दाराकडं चालू लागला. दिमडी वाजतच होती. आमची आजी घाबरली. "अवं म्हाराज, थांबा की! असं कुठं निघालाव?" म्हणत सुपात ज्वारी घेऊन त्याच्यामागं धावली. अख्खं अंगण हसलं. गाणं तिथंच अडकून पडलं, ज्वारी कोटंब्यात पडल्यावर मगच पुढं सरकलं.

शाहीर साबळ्यांनी हे गाणं महाराष्ट्रभर पोचवलं. आता रंगमंचावर दार नाही, सूप नाही, समोर तिकीट काढून बसलेले रसिक. रुसून निघालेला तो वाघ्या नुसत्या गळ्यातून उभा करायचा. शाहिरांचा आवाज खडा, त्यात शब्द दडपून बसत नाही, म्हणून त्यांचं 'जातो' ऐकलं की कुणीतरी खरंच उठल्यासारखं वाटतं. माझं मत विचाराल तर ध्वनिमुद्रित रूपांत माझा कौल इथंच पडतो.

मग 2004 साली 'अगं बाई अरेच्चा' आला. दिग्दर्शक केदार शिंदे, म्हणजे शाहिरांचा नातूच. संगीत अजय-अतुलचं, आणि अजय गोगावलेंच्या जोडीला खुद्द शाहिरांचा आवाज. अंगावर काटा येतो, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण तिथं मागणारा एकटा राहत नाही, अख्खी फौज दारात येते. एवढी माणसं 'जातो' म्हणाली तरी आजी काही सूप घेऊन धावणार नाही. ती जाणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

वरातीतल्या डीजेबद्दल फार बोलत नाही. तिथं ओळच ऐकू येत नाही, येतो तो फक्त 'येळकोट'. पण हा शब्द तरी कुठला? कानडीत एळु कोटी म्हणजे सात कोटी. आपल्याकडं कानडी बोलणाऱ्या घरांत हे सांगावं लागत नाही. खंडोबा त्यांचा मैलार, तेलुगू घरांत मल्लण्णा. देवाचं नावच इतक्या गळ्यांतून फिरून आलंय, तिथं गाण्याची मूळ चाल कोणती म्हणून हुज्जत घालणाऱ्यांचं मला नवल वाटतं. नळदुर्ग आणि अणदूरचा खंडोबा तर एकाच मूर्तीनं दोन्ही गावांत आळीपाळीनं राहतो.

गेल्या मार्गशीर्षात पुतण्याच्या जागरणाला एक तरुण वाघ्या आला होता. गाणं सुरू झालं आणि मी कपाळाला हात लावला. चाल सरळ सिनेमातली! दिमडीवर ठेकाही तोच धरायचा प्रयत्न. 'जातो दुरून' आलं आणि पोरगं थांबलं. पाठ फिरवून दाराकडं चार पावलं गेलं, मान वळवून आमच्या आईकडं बघत राहिलं. आई गुडघे धरत उठली आणि तिनं कोटंब्यात दहाची नोट टाकली.

त्यानं कोटंब्यात डोकावून पाहिलं. म्हणाला, "आणि मोती कुठायत, आई?"