वहिवाट

(दिवाळी मेळाव्यातलं भाषण, थोडं आवरून)

नमस्कार मंडळी. मसालेभाताचा वास मलाही येतोय, तेव्हा लांबण लावत नाही.

मी साताऱ्याची. माहेरच्या मागच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. लग्न होऊन मँचेस्टरला आले, आणि पहिली दोन वर्षं माझं इंग्लंड म्हणजे घर, ऑफिस, सुपरमार्केट, घर. मग ऑफिसातल्या एका बाईंनी ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, नारिंगी मुखपृष्ठाचा नकाशा हातात ठेवला. ४ सेंटिमीटरला १ किलोमीटर, विहिरीसुद्धा दाखवलेल्या. त्यावर हिरव्या तुटक रेघा. म्हटलं, ह्या काय? तर सार्वजनिक पायवाटा. कुणाच्या शेतातून, कुणाच्या गोठ्यामागून. घोड्यांच्या वगैरे सगळ्या सार्वजनिक वाटा धरल्या तर इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर!

मला आठवले आमचे काका. कोरेगाव तालुक्यात आमचं थोडं रान आहे. शेजाऱ्यानं बांध कोरत कोरत गाडीवाटच नांगरून टाकली. ऊस बाहेर काढायचा कुठून? बांधावरून वाट मागायची सोय आपल्या जमीन महसूल अधिनियमात आहे, कलम १४३. काकांना ते कलम तोंडपाठ होतं. तरी कचेरीत चपला झिजल्याच.

इथेही वाट कुणी ताटात वाढून दिली नाही बरं का. पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागातलं किंडर स्काउटचं पठार जमीनदारांनी शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखून ठेवलेलं. २४ एप्रिल १९३२ला कामगार पोरं-पोरी शेकड्यांनी त्यावर चढून गेली. राखणदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. पुढे राष्ट्रीय उद्यानांचा १९४९चा कायदा आला आणि १९५१मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे इथलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आणखी एक गंमत. एखाद्या वाटेवरून लोक २० वर्षं बिनविरोध, उघडपणे चालत आले, तर ती सार्वजनिक ठरू शकते. आपला शब्द त्याला चपखल बसतो: वहिवाट.

गेल्या ऑगस्टमध्ये बाबा आले होते. सत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी किल्ला चढणारा माणूस. त्यांना किंडर स्काउटच्या पायथ्याच्या ईडेल गावाला नेलं. स्टेशनातून बाहेर पडलो, पहिल्या कुरणाच्या फाटकाशी बाबा थांबले ते थांबलेच.

"आगं, न इचारता दुसऱ्याच्या रानात घुसायचं नसतं."

मी खांबावरचा पिवळा बाण दाखवला. पिवळा म्हणजे पायी जाणाऱ्यांची वाट, निळा असला तर घोडा आणि सायकलही चालते. पटलं नाही. हात मागे बांधून, कडेकडेनं, चोरासारखे चालले. तेवढ्यात समोरून शेतकरी आला, चारचाकी फटफटीवर, मागं कुत्रं. बाबांनी टोपी नीट केली. आता बोलणी खायची तयारी. तो थांबला, पाऊस येईलसं वाटतं म्हणाला, फाटक लावून घ्या म्हणाला, निघून गेला.

बाबा बराच वेळ गप्प. मग कुंपणावरची ब्लॅकबेरी तोडून तोंडात टाकली. "करवंदाचीच जात दिसतीया. चीक न्हाई एवढंच." दुसऱ्या झुडपाला हात घातला आणि ओरडले. खाजकोयलीची इंग्रज बहीण, नेटल! तिच्या शेजारीच उगवणारा डॉकचा पाला चोळला. उतारा खरा की मनाचा समज, देव जाणे; बाबांना बरं वाटलं.

परतताना शेवटच्या फाटकाची कडी त्यांनीच लावली. चार पावलं पुढे गेले, मागे फिरले, पुन्हा हलवून बघितली.

"आपल्या वाटंचं फाटक हाय," म्हणाले.

कासची फुलं इथे नाहीत, मान्य. पण मे महिन्यात ओकच्या रानात ब्लूबेल फुलतात, तेव्हा जमीन निळी दिसते. ते गाडीतून बघून भागत नाही.

तर पुढच्या रविवारी आपण ईडेलला चाललोय. पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट तिथूनच सुरू होते, ४३० किलोमीटर, पार स्कॉटलंडपर्यंत. आपण दुपारच्या चहापर्यंत जाऊ. चिखल घोट्यापर्यंत असतो, पांढरे बूट घालू नका. सांगलीकरांनी भडंग आणायचं. कंदी पेढे माझ्याकडे लागले.