मागच्या सीटवरचं ऊन

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'मोटारीतल्या हवेचं सिम्युलेशन', म्हणजे गाडीतली हवा संगणकावर हुबेहूब उभी करून बघणं. त्यावर येतोच. पण ऐन नवतप्यात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, नागपुरात बोलायला उभं राहायचं आणि उन्हाचं नाव काढायचं नाही, हे बरं दिसणार नाही. आधी हात वर करा बघू: गाडीच्या मागच्या दाराच्या काचेला टॉवेल किंवा दुपट्टा कोण कोण अडकवतं? पहिल्या रांगेतल्या काकूंनी दोन्ही हात वर केलेत, म्हणजे दोन्ही काचांना!

हा टॉवेल माझ्या डोक्यातून जात नाही. मी पुण्यात या सिम्युलेशनच्याच कामात आहे. आमच्या बैठकीत पडद्यावर गाडीच्या आतलं रंगीत चित्र येतं, थंड भाग निळा, गरम भाग लाल. खाली एक आकडा असतो: केबिनचं सरासरी तापमान २४ अंश. झालं, पास. चहा येतो, पुढचा विषय सुरू होतो. माझं भांडण त्या सरासरीशी आहे, कारण गाडीत सरासरी जागेवर कोणीच बसत नाही.

एकदा मे महिन्यात आईला घेऊन भाड्याच्या गाडीने नागपूरहून चंद्रपूरला निघालो होतो. दुपारचे तीन वाजून गेलेले. गाडी दक्षिणेकडे, म्हणजे ऊन उजव्या काचेतून थेट आईच्या अंगावर. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अरे, एसी लावलाय ना?" ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, बावीसवर आहे." आकडा खरा होता. मी मागे वळून तिच्या हाताला हात लावला, तर पाटली चटका बसावा इतकी तापलेली. आणि डाव्या गुडघ्यावर तिने पदर ओढून घेतला होता, कारण मधल्या व्हेंटची, म्हणजे एसीची हवा येते त्या जाळीची, गार हवा नेमकी तिथेच आदळत होती. एकाच बाईचा उजवा दंड भाजतोय आणि डावा गुडघा गारठतोय. दोन्हींची सरासरी काढली तर ती अगदी सुखात आहे!

यात चूक एसीची नाही. डेन्मार्कच्या पोव्हल ओले फँगर यांनी १९७० मध्येच मांडून ठेवलंय की माणसाला किती गरम वाटतं ते सहा गोष्टींवर ठरतं: हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचं प्रारण (त्यांच्याकडून किरणांनी येणारी उष्णता), हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. डॅशबोर्डवरचा आकडा यातली एकच गोष्ट सांगतो. आता हिशेब करा. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. काचेतून चौरस मीटरला ४०० वॉट ऊन आत येतंय असं धरा, आणि दंड, खांदा, मांडी मिळून पाव चौरस मीटर अंग उन्हात आहे असं धरा. झाले १०० वॉट! सगळे शोषले जात नाहीत, पण जे जातात ते एकाच बाजूला, कातडीवर. ब्लोअर कितीही वाढवा, ऊन हवेला विचारून येत नाही.

काचेबद्दल बोलायलाच हवं. नियमाप्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आत आला पाहिजे. नियम योग्य आहे. पण उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. ती अडवणारी आणि प्रकाश आत सोडणारी काच बनवता येते, बनतेही. मात्र किंमत कमी करायची वेळ आली की मागच्या दाराच्या काचेवर पहिली कात्री लागते. आपल्याकडे मागे बसतं कोण? आजी, आजोबा, लहान मुलं.

आणखी एक, विषयाला सोडून आहे पण कामाचं. रिसर्क्युलेशनचं, म्हणजे आतलीच हवा फिरवत ठेवणारं, बटण तासन्‌तास दाबून ठेवू नका. चौघं बसलेल्या बंद गाडीत, गळती धरली नाही तर, दहा मिनिटांत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४,००० पीपीएमने, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांमागे ४,००० भागांनी, वाढतो. लांबच्या प्रवासात ड्रायव्हरला पेंग येते, त्याला जेवणाबरोबर हेही एक कारण असू शकतं. थोड्या थोड्या वेळाने बाहेरची हवा आत घ्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. तर सिम्युलेशन.

गाडीच्या आतली पोकळी लाखो, कधी कोटीभर छोट्या पेशींत, म्हणजे कप्प्यांत, कापायची आणि प्रत्येक पेशीत हवेचा वेग, दाब, तापमान सोडवायचं. व्हेंटच्या तोंडाशी पेशी बारीक हव्यात. तिथे कंजूषपणा केला तर हवेचा झोत संगणकात लवकर पसरतो आणि खऱ्या गाडीत गुडघ्यावर आदळतो. त्यात सूर्याची दिशा, काचेचे गुणधर्म आणि तापलेल्या डॅशबोर्डपासून सीटपर्यंत सगळ्या पृष्ठभागांमधलं प्रारण जोडायचं. गाडी आधी उन्हात तापू द्यायची, मग एसी सुरू करून मिनिटामिनिटाला बघायचं, कारण फँगर यांचं समीकरण स्थिर, एकसारख्या खोलीसाठी आहे आणि गाडी तशी कधीच नसते. म्हणून वाहनांसाठीच्या आयएसओ १४५०५ या आंतरराष्ट्रीय मानकात शरीराच्या प्रत्येक भागाचं वेगळं 'समतुल्य तापमान' काढतात, म्हणजे स्थिर हवेच्या एकसारख्या खोलीत त्या भागातून तेवढीच उष्णता जाईल ते तापमान. प्रत्यक्ष चाचणीत तेच काम माणसाच्या अंगासारखा तापवलेला पुतळा करतो, आणि संगणकातही तसाच पुतळा बसवतात.

माझं म्हणणं एवढंच की संगणकातला तो पुतळा शर्ट-पँट घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसवू नका. त्याला साडी नेसवा. नेसण्याच्या पद्धतीप्रमाणे तिचा उष्णतारोध बदलतो, तोही धरा. मागे उजवीकडे बसवा, बाहेर ४५ अंश ठेवा, ऊन तीन वाजताचं घ्या. आणि बैठकीत दंडाचा आणि गुडघ्याचा आकडा वेगवेगळा मागा.

तोवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे. नवी गाडी घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्ह दुपारी तीनची मागा, आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस मागे खिडकीशी बसवा. पसंती त्यांना विचारा.