छावणीतला दुभाषा

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो गायक डेव्हिड बोवीसाठी, त्याची यात भूमिका आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं तसंच झालं असेल. बाहेर पडताना मात्र डोक्यात बोवी नव्हता. टॉम कॉन्टीने उभा केलेला ब्रिटिश युद्धकैदी लॉरेन्स होता आणि त्याच्यासमोरचा तो आडदांड जपानी सार्जंट, हारा. नागिसा ओशिमाच्या 1983 सालच्या 'मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स'मधल्या याच दोघांविषयी मला आज बोलायचंय.

काळ 1942चा. डचांच्या ताब्यातलं जावा बेट जपानने घेतलंय आणि तिथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत ही गोष्ट घडते. ज्यांच्या लेखनावरून ती घेतली ते लॉरेन्स व्हॅन डर पोस्ट स्वतः जावात जपान्यांच्या कैदेत होते. छावणीचा प्रमुख कॅप्टन योनोई आणि बोवीने केलेला कैदी सेलियर्स यांच्यातल्या ओढीबद्दल भरपूर लिहून आलंय. भर मैदानात सेलियर्स योनोईच्या गालांवर ओठ टेकवतो आणि तो ताठ कण्याचा अधिकारी जागच्या जागी कोसळतो, हा प्रसंग कुणी विसरत नाही. तिकडे मी जास्त जात नाही.

माझं लक्ष लॉरेन्सकडे जातं, कारण त्याला जपानी येतं. अख्ख्या छावणीत पहारेकऱ्यांचं बोलणं कळणारा हा कैदी. म्हणून त्याला मध्यरात्री उठवून नेतात, म्हणून त्याच्याशी बोलतात आणि म्हणूनच त्याच्यावर चिडतातही. स्वतःच्या कमांडरशीसुद्धा त्याचे खटके उडतात. दुभाषाच्या वाट्याला हे येतंच. दोन्हीकडचं कळतं, म्हणून दोन्हीकडे तो थोडा परका.

हारा त्याला एकदा विचारतो, तुझ्यासारखा अधिकारी कैदेची लाज कशी सहन करतो? जीव का देत नाहीस? हा प्रश्न छळ म्हणून विचारलेला नाही. हाराला खरोखरच कळत नाहीये. 1941च्या जानेवारीत युद्धमंत्री तोजोच्या नावाने जपानी सैनिकांसाठी जी आचारसंहिता निघाली, तिच्यात जिवंतपणी कैदेचा कलंक पत्करू नये असं स्पष्ट बजावलं होतं. हे मनात भिनलेल्या माणसाला समोरचा जिवंत कैदी म्हणजे कोडंच. लॉरेन्स उत्तर देतो, आम्ही याला लाज मानत नाही, आम्हाला जगून पुन्हा लढायचंय. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. दोघंही एकमेकांचं पटवून घेत नाहीत, पण दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं असतं.

पुढे बराकीत चोरून ठेवलेला रेडिओ सापडतो. कुणाला तरी शिक्षा व्हायलाच हवी, म्हणून लॉरेन्सला मृत्युदंड. एका मृत पहारेकऱ्याच्या शवपेटीपुढे हारा सूत्रपठण करत असताना लॉरेन्सला हे कळतं. इतका वेळ सगळ्यांना समजून घेणारा हा माणूस तिथे फुटतो. तुमच्या देवांनीच तुम्हाला असं केलंय, म्हणत पूजेची मांडणी उधळून टाकतो. ओशिमाने हे दाखवलं याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. समजूतदारपणालाही अंत असतो, आणि तो लपवला असता तर पुढचं सगळं खोटं वाटलं असतं.

कारण पुढे येते नाताळची रात्र. साकेच्या नशेत तर्र झालेला हारा लॉरेन्सला आणि सेलियर्सला बोलावून घेतो. फादर ख्रिसमस ठाऊक आहे का, म्हणून विचारतो. आज रात्री मीच तो, असं सांगून दोघांना सोडून देतो आणि गडगडाटी हसतो. पाठमोऱ्या लॉरेन्सला तोडक्यामोडक्या इंग्रजीत नाताळच्या शुभेच्छा देतो. हाराच्या भूमिकेतला ताकेशी कितानो तेव्हा जपानमध्ये विनोदवीर म्हणून घराघरांत माहीत होता. हे हसू खरं की नशेतलं, हे शेवटपर्यंत नेमकं ठरवता येत नाही. पण लॉरेन्सचा जीव वाचतो.

इथे पडद्याबाहेरची एक गोष्ट सांगायलाच हवी. एरिक लोमॅक्स हा स्कॉटिश सैनिक सिंगापूर पडलं तेव्हा कैद झाला. थायलंड ते ब्रह्मदेश अशा 415 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाच्या कामावर असताना कांचनाबुरीत त्याच्यापाशीही रेडिओचं प्रकरण निघालं. त्याचे हात मोडले, त्याला पाण्याने गुदमरवलं. पण पुढची कित्येक वर्षं त्याचा सगळ्यात जास्त राग होता तो दुभाषावर, ताकाशी नागासेवर. मारणारे हात दुसऱ्यांचे होते, पण लोमॅक्सला कळणाऱ्या भाषेतला आवाज या एकाचाच होता. नागासेने युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांच्या पथकाबरोबर त्याच मार्गावरच्या कबरी शोधल्या आणि पुढे तो पुन्हा पुन्हा कांचनाबुरीला जात राहिला. लोमॅक्सच्या पत्नीने नागासेला पत्र लिहिलं, आणि 1993 साली लोमॅक्स आणि नागासे क्वाय नदीच्या पुलापाशी भेटले. लोमॅक्सने पुढे त्याला क्षमा केल्याचं लेखी दिलं. 2013 साली त्यावर चित्रपट आला, त्यात ही भेट अचानक होते. खऱ्या आयुष्यात आधी पत्रं गेली होती, आणि मला ती पत्रंच जास्त धीराची वाटतात.

आणि हे सांगताना एक खंत मनातून जात नाही. त्या रेल्वेवर 12,000हून अधिक दोस्त राष्ट्रांचे कैदी मेले. आशियाई मजुरांचे अंदाज 90,000च्या आसपास जातात. त्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर होते, आपल्याच देशातून तिकडे पोटासाठी गेलेल्यांची मुलंबाळं. पटकीने आणि उपासमारीने माणसं मेली. त्यांच्यासाठी कोण दुभाषा होता? त्यांची क्षमा मागायला कोण कुठल्या पुलावर गेलं? ओशिमाच्या चित्रपटातही जावाची माणसं जवळपास दिसत नाहीत. हा चित्रपट माझा अत्यंत लाडका असूनही हे मी बोलणार.

आता आपण शेवटचा प्रसंग पाहणार आहोत. साल 1946. युद्ध संपलंय, योनोईला आधीच मृत्युदंड दिला गेलाय, आणि उद्या सकाळी हाराची पाळी आहे. लॉरेन्स त्याला भेटायला आलाय. हारा म्हणतो, मी जे केलं ते इतर सैनिकांपेक्षा वेगळं नव्हतं. लॉरेन्स ते खोडून काढत नाही आणि मान्यही करत नाही. तुम्ही तेव्हा स्वतःला बरोबर समजत होता, आज तुम्हाला मारणारे स्वतःला बरोबर समजताहेत, एवढंच म्हणतो. मग दोघं त्या नाताळची आठवण काढून हसतात.

माझी एकच विनंती आहे, पाहताना भाषेकडे कान द्या. आधीच्या बहुतेक भेटींत लॉरेन्स जपानीत बोलायचा. या कोठडीत हारा इंग्रजीत बोलतोय. ती तो तुरुंगात शिकलाय, फाशीची तारीख डोक्यावर असताना. दार बंद होता होता तो लॉरेन्सला मोठ्याने हाक मारतो, पूर्वी पहाऱ्यावर असताना मारायचा तशीच. तिथे आवाज थोडा वाढवा, आणि मागचे दिवे घालवा.